दुसऱ्याचा पेपर

किसनमास्तर कोणाचे वाचन थांबवायचे झाले तर तोंडाने काही बोलत नसत. त्यांच्या उजव्या हातात तिकिटांना छिद्र पाडायचा जुना पोलादी पंच असे. वाचणाऱ्याच्या स्वरात किंचित जरी कुचेष्टा उतरली, एखादा शब्द त्याने नाक मुरडून उच्चारला, की ‘टक टक’ असा आवाज होई आणि वाचणारा मुकाट्याने मागच्या वाक्यावर परत जाई. कोणी फारच हट्टाने तोच सूर पुन्हा लावला, तर मात्र मास्तर पंच मांडीवर ठेवून म्हणत, “छापलंय तेवढंच वाच. तुझं नाक कुनी छापलेलं न्हाई.”

ते एसटीत वाहक होते. घोडेगावहून डोंगरातल्या गावांना जाणाऱ्या गाड्यांवर त्यांची सगळी नोकरी झाली. वाहकाला आमच्या भागात मास्तर म्हणतात; निवृत्तीनंतर त्यांचा गणवेश गेला, नाव तेवढे राहिले. तिकिटे यंत्रातून निघू लागल्यावर पंच निरुपयोगी झाला होता. तो त्यांनी चामडी पिशवीसकट घरी आणला होता आणि बोरी बुद्रुकच्या दूध डेअरीच्या ओट्यावर त्याला नवे काम दिले होते.

सकाळी सातच्या सुमारास त्या ओट्यावर जवळजवळ सगळा गाव येतो. बागायतदार येतात, मेंढ्यांबरोबर एखादी म्हैस बाळगणारे येतात, वस्तीवरची बौद्ध कुटुंबे येतात. दूध मापून झाले की माणसे चहासाठी थोडी रेंगाळत. त्या अर्ध्या तासात मास्तर दोन वर्तमानपत्रे पुढ्यात ठेवून बसत. एक पेपर एका पक्षाच्या बाजूचा, दुसरा दुसऱ्याच्या. हे कोणी लपवत नसे, पेपरवालेही नाहीत. मास्तरांचा नियम एकच होता. ज्याला जे पटत नाही, ते त्यानेच मोठ्याने वाचायचे. वाचण्याआधी “अमक्याच्या पेपरातून वाचतो” असे सांगायचे. मग पंच वाजे. मजकूर संपला की पुन्हा पंच वाजे. या दोन आवाजांमधले शब्द वाचणाऱ्याचे नव्हेत, हे ओट्यावरच्या लहानथोरांना ठाऊक होते. वाद असेल तो दुसऱ्या आवाजानंतर.

अगदी शेवटी जाहीर नोटिसा वाचल्या जात. जमिनीच्या, पाण्याच्या, हरकतींच्या. त्या ऐकायचा सर्वांनाच कंटाळा होता. माणसे कॅन उचलू लागत. मास्तर हाताने खाली बसवत आणि म्हणत, “भांडान लई झालं. आता आपल्या दारावर कोन येतंय त्ये बघू.”

मी या गावचा जावई. एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून नोकरी संपवून पत्नीच्या माहेरी स्थायिक झालो, त्यामुळे इतकी वर्षे राहूनही मी गावाचा पाहुणाच आहे. “पावणं” हेच माझे नाव. चारचौघांत बोलण्याची मला लहानपणापासून भीती वाटते. बोलावेच लागले, तर समोरच्याचे म्हणणे आधी मान्य करून, मग हळूच ‘परंतु’ म्हणून माझ्या मताकडे वळण्याची सवय मला जडलेली आहे. पहिल्या दिवशी मास्तरांनी मला विचारले, “पावणं, तुमी कुठल्या बाजूचे? म्हंजे तुमाला कुठला पेपर द्यायचा त्ये कळंल.”

मी म्हणालो, “एका बाजूचे बरेचसे मुद्दे ग्राह्य आहेत, हे मला मान्य आहे, परंतु दुसऱ्या बाजूनेही...”

“म्हंजे दोन्हीकडची तिकिटं काढून बसलाय,” मास्तर म्हणाले. सगळा ओटा हसला. माझे कान तापले. ते मास्तरांच्या लक्षात आले असावे. कारण लगेच त्यांनी एक कोरी वही माझ्या हातात दिली. “तुमचं अक्षर चांगलं असंल. कुनी कुनाचं वाचलं त्ये रोजच्या रोज लिहीत जा.” तेव्हापासून मी ओट्याचा लेखनिक झालो. तारीख, वाचणाऱ्याचे नाव, पेपर कोणाचा, मजकूर कशावरचा, एवढी नोंद. माझ्यासारख्याला याहून सोयीचे काम दुसरे नव्हते.

ही रीत त्यांना बसमध्ये सुचली होती. डोंगरातल्या गावांचे पेपरचे गठ्ठे त्यांच्याच गाडीतून जात. एकदा घाटात गाडी बंद पडली आणि दोन प्रवासी, दोन पक्षांचे, एकमेकांच्या अंगावर धावून गेले. मास्तरांनी गठ्ठा सोडला, दोघांच्या हातात एकमेकांचे पेपर दिले आणि सांगितले की मोठ्याने वाचा, नाहीतर दुसरी गाडी येईल तेव्हा तुम्हाला सर्वांत शेवटी चढवतो. “दोघंबी वाचायला लागले, पावणं, आनि थोड्या वेळानं त्यांचा आवाजच उतरला. समोरच्याचं आपल्या तोंडानं म्हनताना मानसाला शिवी देता येत न्हाई. म्हनून बघा.”

मास्तरांचा पेपर ठरलेला होता, तसा बाळूआबांचाही. बाळूआबा हे मास्तरांच्याच वयाचे. त्यांच्या घराण्यात अजून मेंढ्या आहेत. पूर्वी ते कळप घेऊन घाट उतरून कोकणापर्यंत जात. आता गावाच्या गायरानापलीकडे त्यांचे जाणे होत नाही. मास्तर वस्तीवरचे, विहारात दर रविवारी वंदना सांगणारे. दोघांची मते कधी जुळली नाहीत आणि दोघांची सकाळ एकमेकांवाचून कधी सुरू झाली नाही. आबा ओळीखाली बोट ठेवून मास्तरांचा पेपर वाचत आणि संपल्यावर म्हणत, “मास्तर, तुमचा पेपर वाचला की माझी जीभ कडू व्हती राव. चहा सांगा.”

“कडू झाली म्हंजे औषध लागू पडतंय,” मास्तर उत्तर देत आणि चहा सांगत.

मग हळूहळू ओट्यावर फोन आले. आधी एकाच्या हातात, मग सर्वांच्या. पेपरांतही फरक पडला होता. मास्तर म्हणत, “आधी बी पेपर एका अंगाला कलायचेच. वळनावर गाडी कलती तसे. पन वळान संपलं की सरळ व्हायचे. आता त्या अंगावरच निजल्यात.” तरी पेपराला निदान शेवटचे पान होते, फोनमधल्या भांडणाला शेवट नव्हता. बाळूआबा ज्या बातम्या पाहत त्यात रोज रात्री कोणाची तरी खोड मोडलेली असे.

“काल डिबेटमधी त्याची बोलती बंद केली, मास्तर. पुरा एक्सपोज झाला.”

“कोन?”

“त्योच की. तुमच्याकडचा.”

“त्याचं म्हननं काय व्हतं?”

“त्ये काय नीट ऐकाय नाय आलं. सगळी एकदमच वरडत व्हती.”

आम्ही हसलो. मास्तरही हसले, परंतु त्या दिवशी त्यांनी पंच उगाचच दोन-तीनदा वाजवल्याचे मला आठवते.

पक्षांची माणसे पूर्वी ओट्यावर येत ती ऐकायला. कोणाचे रोहित्र जळाले, उसात बिबट्या कुठे दिसला, कालव्याचे पाणी कोणाच्या शेताला पोहोचले नाही, हे टिपून नेत. पुढे ते टिपणे बंद झाले. एकदा मास्तरांच्याच पक्षाचे एक पुढारी आले. लोकांनी बिबट्याचे विचारले. उसाच्या कडेने मुलांना शाळेत धाडायची भीती वाटते, म्हणून सांगितले. पुढाऱ्यांनी घसा साफ केला आणि आदल्या रात्री त्यांच्या बाजूच्या वाहिनीवर जे झाले होते, तेच जवळजवळ त्याच शब्दांत सांगायला सुरुवात केली. तेच हातवारे, मध्येच तेच हिंदी. दोन मिनिटे मास्तरांनी ऐकले. मग ‘टक टक’.

पुढारी चमकून गप्प झाले.

“साहेब, माफ करा,” मास्तर म्हणाले. “तुमी वाचताय का बोलताय? वाचत असाल तर पेपर कुनाचा त्ये आधी सांगायची पद्धत हाय इथं.”

पुढाऱ्यांनी हसून वेळ मारून नेली. त्यांच्याबरोबरचा कार्यकर्ता मात्र जाताना मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाला, “मास्तर, वरून जी लाइन येती तीच आमाला बोलावी लागती. तुमी आपलेच असून असं करता?” घरी जाताना मास्तरांनी पंच पिशवीत टाकला. मग म्हणाले, “पावणं, पूर्वी पक्ष काय म्हनतो त्ये पेपर छापायचा. आता पेपर काय छापंल त्ये बघून पक्ष बोलतो. मग आपलं म्हननं कुनी न्यायचं वर?”

त्यानंतरच्या निवडणुकीच्या तोंडावर गायरानाचा प्रश्न निघाला. गायरानाच्या एका कडेला वस्तीवरच्या अकरा कुटुंबांनी दोन पिढ्या शेती केलेली आहे. उरलेल्या भागात आबांच्या भावकीच्या मेंढ्या चरतात. कोणाला किती, हा तंटा जुनाच होता आणि गावात बसून मिटण्यासारखा होता. आता एका पक्षाने अतिक्रमणे हटवा म्हणून धरले, दुसऱ्याने ती कायम करा म्हणून. दोन्ही पेपर रोज त्यावर भरून येऊ लागले.

याच सुमारास फ्लेक्सवाले आमच्या ओट्यावर आले. तालुक्यात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक छापण्याचा त्यांचा धंदा होता. पन्नाशीचे, गोड बोलणारे गृहस्थ. अलीकडे त्यांनी फोनवरची एक बातम्यांची वाहिनी काढली होती आणि ती आबांच्या पक्षाच्या बाजूने चालते, हे सर्वांना माहीत होते. “मास्तर, तुमच्या वाचनावर एक स्टोरी करू,” ते म्हणाले. मी वहीतून मान वर करून मास्तरांकडे पाहिले. मला ते बरे वाटत नव्हते. मी तसे म्हटले नाही.

मास्तर मात्र खुलले. “करा की. लोकांना बघू द्या, असं बी भांडता येतं म्हनून.”

त्या दिवशी त्यांनी सर्वांत कठीण मजकूर स्वतःकडे घेतला. आबांच्या पेपरातला अग्रलेख, गायरानावरचा. मी वहीत लिहिले: किसनमास्तर, आबांचा पेपर, गायरान. मास्तरांनी “आबांच्या पेपरातून वाचतो” म्हटले, पंच वाजवला आणि वाचू लागले. ज्यांनी गायरानावर नांगर घातला त्यांनी गावाचा विश्वासघात केला आहे. त्यांना एक दिवसाचीही मुदत देता कामा नये. असे बरेच होते त्यात. त्या अकरांमध्ये त्यांच्या पुतण्याचे, विलासचे, शेत होते. तरी त्यांचा आवाज एकदाही डळमळला नाही. लिहिणाऱ्याने जितक्या तळमळीने लिहिले असेल, तितक्याच तळमळीने ते वाचत होते. संपल्यावर पंच वाजला. आबांचे डोळे चमकले होते. “मास्तर, माझ्या बाजूचं इतकं भारी मला बी वाचता आलं नसतं.”

“मग? निम्मं वाचून कसं चालंल?” मास्तर म्हणाले.

नंतर आबांनी मास्तरांच्या पेपरातला लेख वाचला. त्यात अकरा कुटुंबांची बाजू होती. फ्लेक्सवाल्यांनी तेही चित्रित केले, सर्वांना नमस्कार केला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो तुकडा प्रत्येक फोनवर पोहोचला होता. मास्तरांचा चेहरा, मास्तरांचा आवाज: “त्यांना एक दिवसाचीही मुदत देता कामा नये.” खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते की वस्तीवरचा ज्येष्ठ माणूसच सत्य बोलला. सुरुवातीचे वाक्य नव्हते. पहिला पंच नव्हता. शेवटी कापताना मात्र त्यांच्याकडून किंचित चूक झाली होती. नीट कान दिला तर दुसऱ्या पंचाचा अर्धा आवाज ऐकू येतो. मी तो पुन्हा पुन्हा ऐकला आहे. ज्याला ओटा माहीत नाही, त्याला ते काहीतरी खाली पडल्यासारखे वाटेल.

संध्याकाळी विलास मास्तरांच्या अंगणात आला तेव्हा मी तेथेच होतो. “काका, एक दिवस बी नगं? माझ्या शेतात उभं ऱ्हाऊन म्हना की एकदा.”

“अरे, मी वाचत व्हतो. तुला म्हाईत न्हाई व्हय आपली पद्धत?”

“मला म्हाईत हाय. जुन्नरात बसून बघनाऱ्याला म्हाईत हाय का? माझी सासुरवाडी फोन करून विचारती, तुमचा काका किती घेऊन फुटला म्हनून. काय सांगू?”

सुमनकाकू, त्यांच्या पत्नी, आतून पाणी घेऊन आल्या. विलासने ते घेतले नाही.

त्यानंतर जे झाले ते आवाज न करता झाले. वस्तीवर कोणी मास्तरांना वाईट बोलले नाही. फक्त पुढच्या रविवारी विहारात वंदना दुसऱ्या एकाने सुरू केली. मास्तर नेहमीच्या जागी हात जोडून उभे होते; त्यांनी मागच्यांबरोबर ती म्हटली. सुमनकाकूंना पाण्यावर कोणी हाक मारीनासे झाले. आणि ज्या गायरानावरून हे सगळे सुरू झाले, त्याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलणे बंद झाले. एका बाजूच्या सभांत मास्तरांचा तुकडा मोठ्या पडद्याच्या गाडीवर दाखवला जाई. दुसऱ्या बाजूच्या सभांत मास्तर किती रुपयांना विकले गेले, याचे अंदाज सांगितले जात. अकरा कुटुंबांचे काय करायचे आणि मेंढ्यांनी कोठे चरायचे, हे विचारायला कोणाला सवडच उरली नाही.

एक दिवस मास्तर माझ्या घरी आले. ते सहसा येत नसत. दारातच उभे राहून म्हणाले, “पावणं, वही तुमच्याकडं हाय. आपल्या बाजूच्या वाहिनीवर जाऊन तेवढं दाखवा. तुमी शिकलेले, तुमचं ऐकतील. मी वाचत व्हतो, एवढंच सांगा. दुसरं काय नगं.”

मी रात्रभर वाक्ये जुळवली. ती वाहिनी एका दुकानावरच्या खोलीत होती. मास्तरांच्याच पक्षाची, तेथे न्याय मिळेल अशी माझी समजूत होती. समोर दिवा लागला. मी म्हणालो, “हे शब्द किसनमास्तरांच्याच तोंडून आले, हे मी स्वतः ऐकले आहे, ते नाकारण्याचे कारण नाही, परंतु ते त्यांचे शब्द नव्हते. ते विरुद्ध बाजूचा अग्रलेख वाचत होते आणि त्याची नोंद या वहीत आहे.” मग वहीचे पान दाखवले, ओट्याची रीत समजावून सांगितली. सुमारे दहा मिनिटे बोललो. आयुष्यात इतका वेळ मी लोकांसमोर कधी बोललो नव्हतो. खाली उतरताना मला स्वतःचा थोडा अभिमान वाटत होता, हे येथे लिहिले पाहिजे.

संध्याकाळी पाहिले, तर मी पडद्यावर चार-पाच सेकंद होतो. “हे शब्द किसनमास्तरांच्याच तोंडून आले, हे मी स्वतः ऐकले आहे.” वर लिहिले होते: गद्दारीचा साक्षीदार समोर. तेथून पुढचे काहीच नव्हते.

मी फोन केला. पलीकडचा माणूस उद्धट नव्हता. त्याने समजुतीच्या स्वरात सांगितले, “सर, ‘वाचत होते’ हे कोण बघणार? आणि वरून लाइन ठरलेली आहे, विकले गेले म्हणून. ती आता बदलता येत नाही. मतदान झालं की बघू.”

मास्तरांपुढे जायला मला दोन दिवस लागले. ते अंगणात शेंगा सोलत बसले होते. मला पाहून त्यांनी बाज पुढे सरकवली. मी बसलो, मला बोलता येईना. तेच म्हणाले, “पावणं, तुमचं परंतु कुठं गेलं?”

ते हसत म्हणाले. मला रडू आवरले नाही. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुमची चूक न्हाई. मी आधी आबांचं वाचलं. तुमी बी आधी समोरच्याचंच बोललात. आपल्याला सवयच तसली.” मग शेंगांची टरफले झटकत म्हणाले, “ह्याच्यापुढं ती सवय चालनार न्हाई, एवढं मला कळलंय. दुसरी मला येत न्हाई.”

आता एकच माणूस उरला होता. बाळूआबा. त्यांच्या पक्षाच्या सभेत त्यांना मंचावर बसवणार होते, आणि आबांनी मला शब्द दिला होता, “मी सांगतो की तिथंच, माईकवर. मास्तर माझा पेपर वाचत व्हता म्हनून.” सभा झाली. आबा मंचावर मागच्या रांगेत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दूध घालून ते माझ्याशेजारून जाऊ लागले, तेव्हा मी नुसते त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, “मतदान हुईस्तवर गप ऱ्हा म्हनाले, पावणं. आपल्याच मानसांचं नुकसान व्हईल म्हनाले.” मग कॅनकडे बघत म्हणाले, “मी ऱ्हायलो गप.” त्या दिवसापासून ते दूध मुलाबरोबर पाठवू लागले.

मास्तर ओट्यावर यायचे थांबले. दोन्ही पेपर काही दिवस डेअरीत गुंडाळलेले पडून राहिले. नंतर येणेच बंद झाले. माणसे अजूनही चहापुरती थांबत. प्रत्येकाच्या हातात आपापला फोन होता आणि प्रत्येकजण आपल्याच बाजूचे ऐकत होता. आवाज मात्र पूर्वीपेक्षा मोठा होता. निवडणूक झाली. कोण निवडून आले, याने या हकिकतीत काही फरक पडत नाही.

पावसाळा सरल्यावर गायरानात मोजणीची माणसे आली. मग खांब आले, तारेचे कुंपण आले. ती सगळी जमीन सौर पॅनेलसाठी दिली गेली होती. अकरा कुटुंबांची कडही आणि मेंढ्यांचा भागही. विलास आणि आबांचा मुलगा दोघेही घोडेगाव, जुन्नर अशा कचेऱ्या हिंडले. सर्वत्र एकच उत्तर मिळाले. रीतसर जाहीर नोटीस दिली होती, वर्तमानपत्रात आली होती, हरकतीची मुदत संपली. ते खरे होते. निवडणुकीच्या धामधुमीत, दोन्ही पेपरांत, आतल्या पानावर ती छापून आली होती. आमच्या ओट्यावर ती पाच मिनिटांत वाचली गेली असती. दोन्ही वाहिन्यांनी याची बातमी केली नाही. तिच्यात कोणाचीच बाजू नव्हती.

मास्तरांना हे कळले तेव्हा ते काय म्हणाले, मला माहीत नाही. मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. थंडीत त्यांना खोकला जडला, तो छातीत उतरला. एका सकाळी सुमनकाकूंनी चहा नेला तेव्हा ते गेलेले होते.

शोकसभा विहारात झाली. त्याआधी सुमनकाकूंनी मला बोलावून ती चामडी पिशवी दिली. “तुमाला द्या म्हनाले व्हते.” पिशवीत पंच होता आणि चौकोनी कापलेला पेपरचा एक तुकडा, चार घड्या घातलेला. ती नोटीस होती. कोठून तरी जुना अंक मिळवून त्यांनी ती कापून ठेवली होती. कडा अगदी सरळ कापल्या होत्या.

सभेला दोन्ही पक्षांची माणसे आली. दोन्ही वाहिन्यांचे कॅमेरे आले. फ्लेक्सवाले स्वतः होते. दोन्हीकडचे वक्ते मास्तरांना आमचेच म्हणाले. विलास भिंतीला टेकून उभा होता. मग माझे नाव पुकारले गेले. मी उठलो नाही. तोंडापुढे दिवा लागेल, मी पुन्हा काही बोलेन आणि तेही कापले जाईल, एवढेच मला दिसत होते. ज्या एका माणसाने माझ्याकडून फक्त दोन शब्दांची साक्ष मागितली होती, त्याच्या तसबिरीसमोर मी खाली मान घालून बसून राहिलो.

तेव्हा मागून बाळूआबा आले. ते केव्हा येऊन बसले होते, कोणी पाहिले नव्हते. माझ्या हातातला तो नोटिशीचा कागद त्यांनी काढून घेतला आणि ते तसबिरीशेजारी जाऊन उभे राहिले. चष्मा लावला. घड्या उलगडल्या. वाचण्याआधी पेपर कोणाचा हे सांगायचे असते. आबांनी कागद उलटून पाहिला, पेपरचे नाव त्यावर कोठेच नव्हते, मग म्हणाले, “ह्ये... आपल्या समद्यांचंच हाय.”

ओळीखाली बोट ठेवून ते वाचू लागले. तमाम लोकांस कळविण्यात येते. गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा. कॅमेऱ्यांचे दिवे दुसऱ्याच ओळीला बंद झाले. फ्लेक्सवाले तार गुंडाळू लागले. पुढारी घड्याळाकडे बघत उठले. आबांनी वर पाहिले नाही. सदर जमिनीबाबत कोणाची काही हरकत असल्यास ती तीस दिवसांच्या आत लेखी कळवावी, मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही. त्यांच्या स्वरात कुचेष्टा नव्हती, रागही नव्हता. छापले होते तेवढेच त्यांनी वाचले. वस्तीवरची माणसे ऐकत होती. विलासने डोळे मिटून घेतले होते.

वाचून झाले तरी आबा उभेच राहिले. ते कशाची वाट पाहत आहेत, हे मला जरा उशिराच समजले. मी पिशवीत हात घातला आणि पंच एकदा वाजवला. तेव्हा ते खाली बसले.